कट्ट्याला जाळी

दर वर्षी ज्येष्ठ वद्यात पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात. ज्ञानोबांची भवानी पेठेत, तुकोबांची नाना पेठेत. मुक्काम दोनच रात्रींचा, पण तेवढ्यात आमच्या पेठांमध्ये पथारी पडलेली नाही अशी जागा शोधून सापडत नाही. शाळांचे वर्ग, मंगल कार्यालयं, तालमी, दुकानांच्या पायऱ्या, उरल्यासुरल्या वाड्यांचे बोळ, सगळं भरून जातं. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये परभणीकडची एक दिंडी उतरते. त्या दिवशी आम्ही गाड्या बाहेर काढतो, फरशी धुतो, सतरंज्या अंथरतो. टँकरच्या बिलावरून वर्षभर एकमेकींशी न बोलणाऱ्या दोघी शेजारी बसून दोनशे पोळ्या लाटतात. आंघोळीला गरम पाणी, जेवायला आग्रह, पाय चेपायला चढाओढ.

२०२२च्या वारीत, दोन वर्षांच्या खंडानंतर पालख्या चालत आल्या होत्या, तेव्हा मीही एका म्हाताऱ्या माउलीचे पाय चेपत बसले होते. टाचांना भेगा, डाव्या घोट्याजवळ ऑपरेशनचा जुना व्रण. "कुठल्या गावच्या?" विचारलं तर म्हणाली, "हितलीच." मला वाटलं, वारकरी बोलतात तसं, विठ्ठलाचं गाव तेच आपलं. मी आणखी भक्तिभावाने चेपले.

तिसऱ्या दिवशी पहाटे दिंडी सासवडच्या वाटेला लागली. आम्ही पार्किंग पुन्हा धुतलं, गाड्या आत घेतल्या. दुपारी खाली उतरले तर ती बाई गेटजवळच्या कट्ट्यावर बसलेली, मांडीवर गाठोडं.

"अहो मावशी, मागे राहिलात? दिंडी गेली की!"

"दिंडी गेली," ती म्हणाली. "मी कुठं जाऊ?"

तो कट्टा साधारण सहा फूट लांब आणि दोन फूट रुंद आहे. वर सज्जा असल्यामुळे पाऊस लागत नाही. मावशी तिथे चार महिने झोपल्या. रात्री दहानंतर यायच्या, पहाटे साडेचारला उठून जायच्या, गाठोड्यासकट. पहिले दोन महिने त्यांना चहा मिळायचा, शिळंपाकं मिळायचं. नंतर व्हॉट्सॲपवर फोटो यायला लागले. ऑक्टोबरात सभा झाली. सभेत जे बोललं गेलं ते कुठल्याही सोसायटीत बोललं जातं. माणुसकीबद्दल आमचं काही म्हणणं नाही, पण. आज एक आहे, उद्या दहा होतील. मुलं घाबरतात. विधी कुठे करते कोण जाणे. फ्लॅट बघायला गिऱ्हाईक आलं तर पहिलं काय दिसणार? शेवटी कट्ट्याला लोखंडी जाळी बसवण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. एकमताने म्हणजे त्यात माझंही मत आलं. सही करताना वाईट वाटलं होतं, हे मी स्वतःला बरेच दिवस सांगत होते. जणू त्याने काही फरक पडतो.

वेल्डर यायच्या आदल्या रात्रीच मावशी गेल्या. कुणी सांगितलं होतं की नाही, ठाऊक नाही. वॉचमन म्हणाला, जाताना कट्टा झाडून गेल्या.

माझं माहेर पूरग्रस्तांचं. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं धरण गेलं आणि नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरलं. आजी-आजोबांचा नारायण पेठेतला दोन खणांचा संसार गाळात गेला. आजी ती गोष्ट सांगायची तेव्हा तिच्यात रडणं थोडं आणि धावपळ फार असायची. कुणी शाळा उघडून दिली, कुणी भांडीकुंडी आणून टाकली, अर्धगोल छपरांचे तात्पुरते निसन हट उभे राहिले, पुढे गोखलेनगर, सहकारनगरकडे पूरग्रस्तांच्या वसाहती झाल्या. आजोबांना घर मिळालं आणि 'आम्ही पूरग्रस्त' हे ते शेवटपर्यंत ताठ मानेने सांगत. मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली तेव्हाही तसंच झालं. रस्त्यावर राहणाऱ्यांचं आणि अडकलेल्या मजुरांचं काय, हा प्रश्न एका रात्रीत सगळ्यांना पडला आणि काही दिवसांत महापालिकेच्या शाळांमध्ये त्यांची सोय लागली. म्हणजे जागा होत्या. कालही होत्या, आजही आहेत.

मला पुढे मावशींची ओळख झाल्यावर हे कळत गेलं, की आमच्या शहराला घोळक्याने आलेला माणूस दिसतो. वारी दिसते, पूर दिसतो, साथ दिसते. मावशींवरही पूरच आला होता. फक्त तो एकट्या त्यांच्यावर आला, आणि नऊ वर्षं हळूहळू चढत राहिला.

ओळख झाली ती मंडईत. जाळीनंतर पंधराएक दिवसांनी, दिवाळीच्या झेंडूच्या ढिगाऱ्यामागे त्या हार ओवत बसलेल्या दिसल्या. मी तोंड चुकवणार होते. त्यांनीच हाक मारली, "ताई, हार नेता का? ताजा आहे." मी दोन हार घेतले, मग रोजच घ्यायला लागले. आमच्या देव्हाऱ्यातल्या गणपतीला आयुष्यात एवढी फुलं कधी मिळाली नव्हती. हाराबरोबर गोष्ट तुकड्या-तुकड्याने मिळत गेली.

करमाळ्याकडच्या एका कोरडवाहू गावातून बहात्तरच्या दुष्काळात त्या आईबापांबरोबर पुण्याला आल्या. वय तेरा-चौदा. बाप भवानी पेठेत हमाली करायचा. लग्न झालं ते छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्याशी. खिळ्यांचे छापखाने बंद पडत गेले, मग नवराही गेला, क्षयाने. मूल नाही. मावशींनी सदाशिव पेठेत पाच घरच्या पोळ्या धरल्या आणि एका वाड्यात जिन्याखालची खोली घेतली. भाडं तीनशे. पावती नाही, कारण खोली मालकाची नव्हती, मालकाच्या भाडेकरूने दिलेली होती. मावशी पोटभाडेकरू.

या शब्दापाशी थोडं थांबायला हवं. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या भाडेकरूंना मोठं संरक्षण दिलं. माझे आजी-आजोबा पूर येईपर्यंत नारायण पेठेत टिकले ते त्याच कायद्यामुळे, म्हणून मी त्याला नावं ठेवणार नाही. पण भाडी गोठली तशी मालकांनी दुरुस्त्या सोडून दिल्या, वाडे खचत गेले आणि भाडेपावती हीच खरी इस्टेट झाली. वाडा बिल्डरकडे गेला की पावती असलेल्याला नव्या इमारतीत जागा. पावतीवाल्यांच्या पोटात जी माणसं राहत होती, जिन्याखाली, पोटमाळ्यावर, न्हाणीघराशेजारच्या आडोशात, त्यांचा कुठल्या कागदावर उल्लेखच नव्हता. स्वस्त होत्या म्हणून त्या जागा कुबट होत्या, आणि कुबट होत्या म्हणूनच स्वस्त होत्या. तिथे पोळ्यावाली बाई, प्रेसमधला कामगार, सवाई गंधर्वच्या नादाने पुण्यात येऊन राहिलेला कुणी एकटा जीव, असे सगळे मावत. वाडे पडले तेव्हा आम्ही लाकडी खांबांवरच्या कोरीव कामासाठी हळहळलो. शिडीची सगळ्यात खालची पायरी त्याबरोबर गेली, ती कुणाच्या लक्षात आली नाही.

मावशींचा वाडा २०१३मध्ये उतरवला. मूळ भाडेकरूने दहा हजार रुपये आणि एक साडी हातावर ठेवली. त्या जनता वसाहतीत गेल्या, भाडं अडीच हजार. तिथून पायी सदाशिव पेठ. दोन-तीन वर्षं निभलं. मग एका घरी ओल्या फरशीवरून पाय घसरला, घोटा मोडला. पट्टी घातली, ऑपरेशन झालं, चार महिने बसून गेले. पाचही घरांनी दुसरी बाई बघितली. यात राग धरण्यासारखं काही नाही, मावशींनी तर धरला नाहीच. मीही मागे एकदा पोळ्यांच्या बाईंना टायफॉईड झाला तेव्हा आठवड्याच्या आत नवी बाई ठेवली होती. त्यांचं पुढे काय झालं हे मला आजही ठाऊक नाही, आणि मावशींची गोष्ट ऐकेपर्यंत ते ठाऊक नाही याचीही मला जाणीव नव्हती.

भाडं थकलं, ते डिपॉझिटमधून वळतं झालं, डिपॉझिट संपलं. हडपसरला भाच्याकडे गेल्या. भाचा चांगला. टाळेबंदीत त्याची नोकरी गेली. एका खोलीत पाच माणसं.

"हाकललं का त्यांनी?" मी विचारलं.

"छे. कुणी हाकललं न्हाई, ताई. फक्त ताट वाढताना भांड्याचा आवाज व्हायला लागला."

मग एके दिवशी गाठोडं घेऊन त्या स्वारगेटला उतरल्या.

आपण विचारतो, माणूस रस्त्यावर का येतो. दारू, वेड, आळस अशी उत्तरं तयार असतात. तशी माणसं असतातही. पण मावशींच्या या सगळ्या प्रवासात एकही ठिकाण असं नाही जिथे बोट ठेवून म्हणावं, इथे चूक झाली. दर वेळी एकच दोरी तुटली. आम्हाला चार दोऱ्या असतात, एक तुटली तर तीन धरून ठेवतात. त्यांच्याकडे एका वेळी एकच होती.

२०११च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री देशभरातल्या बेघरांची मोजणी झाली. पदपथ, पुलाखाली, पाइपांमध्ये, फलाटांवर, देवळांच्या ओसरीत झोपलेली माणसं. आकडा आला १७ लाख ७३ हजार. त्या रात्री मावशी जिन्याखालच्या खोलीत होत्या, म्हणून त्या त्यात नाहीत. त्याच जनगणनेने शहरांमधली रिकामी घरंही मोजली. ती निघाली १ कोटी १० लाखांच्या वर. आमच्याच इमारतीत बारापैकी दोन फ्लॅट सहा वर्षं बंद आहेत. एकाचे मालक बंगळुरूला, दुसऱ्याचे अमेरिकेत. नळ गंजू नयेत म्हणून वॉचमन महिन्यातून एकदा पाणी सोडून येतो.

त्या हिवाळ्यात मावशी रात्री एका बंद दुकानाच्या पायऱ्यांवर झोपत. डिसेंबरात त्यांना सात चादरी मिळाल्या. रात्री अकराच्या सुमारास गाड्या थांबतात, मुलं उतरतात, झोपलेल्या माणसाच्या अंगावर चादर घालतात, फोटो काढतात. भावना खरी असते, मला त्या मुलांची चेष्टा करायची नाही. मी स्वतः एकदा अशा गटाला पाचशे रुपये दिलेत. पण सात चादरी ठेवायच्या कुठे? मावशींनी दोन ठेवल्या, तीन वाटल्या, दोन भंगारवाल्याला दिल्या. पुढे एकदा एक गाडी आली आणि पायरीवरचं सगळं सामान भरून घेऊन गेली. त्यात चादरींबरोबर घोट्याच्या ऑपरेशनची कागदपत्रं गेली.

"चादरीचं काही न्हाई," मावशी म्हणाल्या, "परत मिळते. कागद कोण देतं?"

मी विचारलं, तुम्हाला सगळ्यात जास्त कशाची अडचण होते? मला वाटलं थंडी म्हणतील, भीती म्हणतील. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग हळूच म्हणाल्या, दुपारी चारनंतर मी पाणी पीत नाही. रात्री जावं लागू नये म्हणून. जवळचं शौचालय रात्री बंद असतं, आणि उघडं असलं तरी अंधारात बाई एकटी कशी जाणार? मे महिन्यातसुद्धा चारनंतर पाणी नाही. चार महिने त्या आमच्या कट्ट्यावर होत्या आणि सभेत आम्ही विचारत होतो, विधी कुठे करते कोण जाणे. त्यांना विचारायचं मात्र कुणाला सुचलं नव्हतं.

पार्किंगच्या मागे वॉचमनसाठी एक संडास आहे. मी पुढच्या सभेत तो विषय काढला. ठराव बारगळला. मग मी सभेतला विषय सोडला आणि वॉचमनशी बोलले. तो लातूरकडचा, चार शब्दांत मोकळा झाला: "त्यात काय विचारायचं, बाई?" किल्ली मीटरबॉक्सच्या मागे दोरीला टांगलेली असते. हे इथे लिहिल्यामुळे सोसायटीत गोंधळ झाला तर होऊ दे.

दरम्यान मी निवाऱ्याचा शोध लावला होता. शोध म्हणायचं कारण, आमच्या इमारतीत, रिक्षा स्टँडवर, मंडईत मी जितक्यांना विचारलं त्यातल्या एकालाही बेघरांसाठीच्या निवाऱ्याचा पत्ता सांगता आला नाही. एका काकांनी विचारलं, "म्हणजे धर्मशाळा का? गाडगेबाबांची?" त्यांचं चूक नव्हतं. ज्या माणसाने मुंबईपासून पंढरपूरपर्यंत धर्मशाळा बांधल्या आणि स्वतः उघड्यावर झोपला, त्याच्या दशसूत्रीत 'बेघरांना आसरा' हे शब्द स्वच्छ आहेत, आणि ती दशसूत्री भिंतीवर लिहायची आपल्याकडे हौसही आहे. सरकारी दंडकही काही वाईट नाही. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने लाख वस्तीमागे शंभर माणसांचा, बारमाही, चोवीस तास उघडा असलेला निवारा ठरवून दिला, माणशी किमान पन्नास चौरस फूट. २०११ला पुण्याची वस्ती ३१ लाखांवर होती. त्या हिशेबाने तेव्हाच एकतीस निवारे आणि तीन हजारांवर जागा हव्यात.

एक निवारा सापडला. मी मावशींना रिक्षाने घेऊन गेले. जागा स्वच्छ, बायकांची सोय वेगळी, तिथल्या ताई मायाळू. मावशींनी सगळं पाहिलं, चहा घेतला आणि माझ्याबरोबर परत आल्या. मला राग आला, खोटं कशाला बोलू. एवढी खटपट करायची आणि यांना पसंत नाही! दोन दिवस मी हार आणला नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनी हिशेब सांगितला. फुलांची गाडी पहाटे पाचच्या आत मंडईत येते. त्या वेळी पोचलं तर कळ्या निवडून मिळतात, हार जास्त होतात, दीडशे-दोनशे रुपये पडतात. निवाऱ्यापासून मंडईपर्यंत पहिली बस आली तरी साडेसहा. रिक्षाला ऐंशी रुपये. "तिथं झोपले तर खाणार काय?"

मुंबईच्या पदपथावरच्या लोकांनी हेच कोर्टाला सांगितलं होतं. ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल १९८५चा. पाच न्यायमूर्तींनी मान्य केलं, की ही माणसं पदपथावर राहतात कारण काम जवळ आहे, आणि उपजीविका हिरावून घेणं म्हणजे जगणंच हिरावून घेणं. वकिलीचा अभ्यास करणाऱ्या मुलांना तो निकाल तोंडपाठ असतो. त्याचा शेवट मात्र कमी जणांना आठवतो. झोपड्या हटवायला कोर्टाने मनाई केली नाही, पावसाळा सरेपर्यंत थांबा म्हटलं. ३१ ऑक्टोबरपर्यंत. आमची सोसायटीही ऑक्टोबरपर्यंतच थांबली होती, म्हणजे आम्ही कायद्याला धरूनच वागलो म्हणायचं.

वाघोलीत केसनंद फाट्यावर २०२४च्या डिसेंबरात मध्यरात्री पदपथावर झोपलेल्या माणसांच्या अंगावरून डंपर गेला. अमरावतीकडून मजुरीसाठी आलेली माणसं. तिघं गेली, त्यातली दोन अगदी तान्ही म्हणावीत अशी. दुसऱ्या दिवशी आमच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, हे लोक निवाऱ्यात का जात नाहीत? मी उत्तर टाइप केलं, खोडलं, परत टाइप केलं. शेवटी मंडईत गेले.

मावशींना आणखी एक भीती होती. स्वच्छ साडी, केसाला तेल, गाठोडं नेहमी कापडी पिशवीत दडवलेलं. भिकारी दिसायचं नाही. कारण १९५९चा भिक्षा प्रतिबंधक कायदा आपल्याकडे अजून आहे आणि त्यात हात पसरणाराच येतो असं नाही. चरितार्थाचं दिसेल असं साधन नाही आणि भिकेवर जगत असावा असं वाटेल अशा अवस्थेत सार्वजनिक जागी वावरतो आहे, एवढ्यावरही माणूस त्या व्याख्येत बसू शकतो. दिल्लीच्या उच्च न्यायालयाने २०१८मध्ये तिथल्यापुरती त्या कायद्यातली भीक मागण्याला शिक्षा देणारी कलमं रद्द केली. इथे मावशी रोज पहाटे चार वाजता केस विंचरतात.

डोकं बिघडलेल्या माणसांची गोष्ट वेगळी आणि लांब आहे. एवढंच सांगते, की २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात अशा भटकणाऱ्या माणसाला संरक्षण देऊन दवाखान्यापर्यंत नेणं हे पोलिसांचं कर्तव्य म्हणून लिहिलं आहे. आणि कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन संस्थेतून डॉ. भरत वाटवानींनी हजारो माणसं बरी करून त्यांच्या गावी पोचवली. त्यांना २०१८चा मॅगसेसे मिळाला तेव्हा आपल्याला ते माहीत झाले.

मग आमची गाडी पत्त्यावर येऊन अडकली. पासष्टी पार केलेल्या निराधार बाईला सरकारचे महिना पंधराशे रुपये मिळू शकतात. अर्ज, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा. मावशींच्या आधार कार्डावर तो वाडा अजून उभा आहे, घर नंबर, पेठ, पिनकोडसकट. त्या जागी आता सात मजली इमारत आहे आणि तिच्या गेटवर 'अनोळखी व्यक्तींना प्रवेश नाही' अशी पाटी. टेबलामागचा माणूस म्हणाला, सध्याचा पत्ता लिहा. मावशी माझ्याकडे बघायला लागल्या.

मतदार यादीची गंमत मला तेव्हाच कळली. बेघर माणसाला नाव नोंदवायला पत्त्याचा कागद लागत नाही. त्याने अर्जात जागा लिहायची, आणि बूथच्या अधिकाऱ्याने रात्री तिथे जाऊन बघायचं, हा माणूस खरंच इथे झोपतो का. एक नव्हे, एकाहून जास्त रात्री. मला हा नियम फार आवडला. कुणीतरी रात्रीचं उठून जाऊन बघायचं, की तू आहेस ना. आमचा कट्टा मावशींना मतदानासाठी पत्ता म्हणून चालला असता.

शेवटी मी माझा पत्ता दिला. नवरा म्हणाला, पुढे घरावर हक्क सांगितला तर? मी म्हटलं, एका पोस्टकार्डाने हक्क येत असता तर निम्मं पुणं एलआयसीच्या नावावर असतं. पण मलाही दोन रात्री झोप लागली नाही, हे खरं.

आणि मग खोली. फिनलंडने २००८पासून उलटा क्रम लावला असं वाचलं होतं. आधी किल्ली हातात द्यायची, मग दारू, आजार, नोकरी यांचं बघायचं. तिथे बेघरांची संख्या २०२३पर्यंत निम्म्याच्या खाली आली. तेवढी सरकारी घरं आपल्याकडे नाहीत, पण क्रम उलटा करायला काय हरकत आहे, असं वाटून आम्ही चौघी कामाला लागलो. त्यात त्या पोळ्या लाटणाऱ्या दोघीही होत्या, पुन्हा एकमेकींशी न बोलणाऱ्या. पेठेत कॉट बेसिसवर जागा पुष्कळ आहेत, सगळ्या स्पर्धा परीक्षावाल्या मुलामुलींसाठी. डिपॉझिट, आधार, दोन फोटो आणि पालकांचा फोन नंबर. एका बाईंनी फोनवर मावशींचं वय ऐकलं आणि तरीही सवयीने विचारलं, "पालकांचा नंबर द्या."

जागा मिळाली ती घोरपडे पेठेतल्या चाळीत, तीन बायकांमध्ये एक खोली. तिथून गंज पेठ दोन पावलांवर. जोतिराव-सावित्रीबाईंनी १८६३मध्ये घराने टाकलेल्या गरोदर विधवांसाठी दार उघडलं ते याच शहरात. त्या काळी अशी बाई एकएकटीच यायची, रात्रीची, तोंड लपवून. ती त्यांना दिसली होती.

डिपॉझिट बारा हजार. फूलवाल्याने तीन दिले, बाकीचे आम्ही. भाडं मावशी हारांतून भरतात, दोनदा उशीर झाला. मालकाला पैशांपेक्षा जामीन हवा होता, आजारी पडली, मेली तर कुणाला फोन करायचा. भाडेकरूच्या फॉर्मवर रकाना होता: आपले नाते. मी पेन धरून बसले. मावशी म्हणाल्या, "लिहा की, गिऱ्हाईक."

पहिला आठवडा त्या दाराशी बसूनच झोपल्या. गाठोड्याची गाठ मनगटाला बांधलेली. पंख्याचा आवाज सहन होईना, दार बंद केलं की जीव गुदमरायचा. सोबतच्या बायकांनी तक्रार केली, मी जाऊन समजूत काढली, दोन्हीकडची. आता खाटेवर झोपतात. सोबतच्या एकीच्या पोळ्या कातडी होतात, कणीक भिजवायची अक्कल नाही, असं त्यांचं म्हणणं आहे. पंधराशे रुपयांचा अर्ज अजून फिरतो आहे.

परवा हार बांधून देता देता त्यांनी विचारलं, "तुमच्या कट्ट्यावर आता कोण झोपतं?"

"कुणी नाही. जाळी आहे ना."

"कुणी झोपत न्हाई तर जाळी कशाला?"

घरी येताना मी गेटपाशी थांबले. जाळीच्या आत कुणीतरी मनी प्लँटच्या चार कुंड्या ठेवल्यात. वॉचमन नळी घेऊन त्यांना पाणी घालत होता. सभेत ठरलंय म्हणाला, रोज संध्याकाळी.